कानोसा

त्या शरदात हुकूम आला: रेडिओ जमा करा.
शाळेच्या पायऱ्यांवर अख्खं बेट रांगेत,
ज्याचा त्याचा रेडिओ शालीत गुंडाळलेला,
ताप आलेल्या मुलाला न्यावं तसा.
पावती मिळाली. मुठीला दोऱ्याने चिठ्ठी: नाव, गाव, नग एक.

तोरब्यर्ग आत्याने दिला तो जुना,
दोन वर्षांपूर्वीच वाचा गेलेला.
बोलणारा गेला तळघरात,
खारवलेल्या हेरिंगच्या पिंपामागे.
झडतीवाले चौथ्या पायरीवरूनच नाक धरून परतायचे.

साडेसातला लंडन बोलायचं,
आमच्याच भाषेत, पण पडसं झाल्यासारखं.
खाली पाच माणसं, एक मेणबत्ती,
आणि मी, नऊ वर्षांची,
तोंडातून चकार शब्द काढणार नाही या बोलीवर.

वर खिडकीपाशी एलर्ट. जाळं विणत.
जन्मापासून बहिरा.

आधी पहाऱ्याला चुलतभाऊ स्युर होता.
पण त्याचे कान जिन्यावरून खाली घरंगळायचे.
एकदा गस्त फाटकात आली
तरी हा आपला स्टालिनग्राडमध्येच.
तेव्हा आत्या म्हणाली,
ज्याला ऐकायचंच नाही त्यालाच बघू दे.
भिंतींना कान असतात म्हणे.
आमच्या खिडकीला डोळे होते.

रस्त्यावर कोणी दिसलं की तो टाच आपटायचा, दोनदा.
फळ्यांमधली धूळ आमच्या केसांत.
मेणबत्तीवर फुंकर,
आणि आम्ही अंधारात बटाटे निवडायला बसायचो,
खरोखरचे, कोंब आलेले.

बातम्या संपल्या की एकेक जण वर.
तो काही विचारायचा नाही. तोंडांकडे बघायचा.
आत्याच्या ओठांच्या कोपऱ्यावरून
त्याला कळायचं, कुठलं शहर पडलं.
मास्तर चष्मा पुसायला लागले की बोट बुडालेली.
साडेतीन वर्षं त्याने युद्ध असं वाचलं,
पाच चेहऱ्यांच्या वर्तमानपत्रात.
मी मुद्दाम हसून फसवू बघायची.
माझं पान तो उघडायचाच नाही.

एका हिवाळ्यात, बॅटरी शेवटच्या घटका मोजत असताना,
तो आपणहून खाली आला
आणि खोक्यावर तळहात ठेवला.
बराच वेळ. मग दोन बोटांनी
गालावर मिशा ओढून दाखवल्या:
मांजर.
कुठे कुठे काय काय जळत होतं त्या रात्री,
आणि त्याच्या हाताखाली ते घुरघुरत होतं.

मग ती मे महिन्यातली संध्याकाळ.
आम्ही वर आलो ते सगळे रडत.
मास्तर शेवटच्या पायरीवर तसेच बसले, डोकं धरून.
आत्याच्या ओठांचं तर काहीच वाचता येईना.
एलर्टने हातातलं जाळं खाली ठेवलं.
टोपी काढली.
एकेका चेहऱ्यावरून त्याची नजर फिरली,
कोण गेलं ते मोजत.

आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही.
सगळे धावले बाहेर, काचांवरचे काळे कागद फाडत.
तो उभा, टोपी छातीशी धरून,
ज्याचं प्रेत दिसत नाही अशा माणसाच्या मयताला.

मी समोर गेले. हात वर केले, आणि अडले.
आमच्या दोघांत होडीसाठी खूण होती,
शिपायासाठी होती, पळ, लप, बटाटा, गप्प.
यासाठी नव्हती.
लागलीच नव्हती कधी.

मग त्याला ओढतच खाली नेलं.
त्याचा तळहात खोक्यावर दाबला
आणि बटण फिरवलं, शेवटपर्यंत, पहिल्यांदाच.
पिंपावरचं झाकण थडथडायला लागलं.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
मिशा ओढल्या.
मग दोन्ही हात पसरले, कोठाराच्या दारांएवढे.

हसला. टोपी घातली.
आणि जिना चढून सवयीने खिडकीशी गेला,
रस्ता मोकळा आहे का बघायला.